ग्रहणात कातरलेलं कापड

मी भित्री नाही, असं मला लग्नाआधी वाटायचं. माहेरी साप निघाला की बाकीच्या किंचाळायच्या आणि काठी आणायला मी पळायचे. भीती म्हणजे खरोखर काय असते ते मला घुग्घुसच्या क्वार्टरात कळलं, आणि तेही अशा एका खोलीत जिथे माझा जीव सगळ्यात जास्त रमायचा.

ती खोली मुळात कोळशाची कोठी. नवरा खाणीत फिटर होता म्हणून आम्हाला क्वार्टर मिळालेलं. दोन खोल्या, मागे अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात शेगडीचा कोळसा साठवायला टिनाच्या छपराची कोठी. घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि माझे सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी बल्लारशाला रेल्वेत सांधेवाले होते, नोकरी संपल्यावर लेकाकडे राहायला आले.

मला लहानपणापासून चिंध्यांचा नाद. शिंप्याच्या दुकानाखाली पडलेलं कातरण मी पिशवी भरून आणायचे आणि पुढच्या खोलीत पसरून बसायचे. एकदा खाटेवर सुई राहिली. ती नेमकी रातपाळी करून आलेल्या नवऱ्याला सापडली, आणि तीही पाठीला. त्या दिवशी घरात जे रामायण झालं त्यानंतर मामाजी उठले आणि कोठीतला कोळसा घमेल्यानं बाहेर काढू लागले.

"कोयसा काय, आंगनात बी पडून राह्यते," ते म्हणाले. "मानसाले जागा पाह्यजे."

त्यांनी कोठीला दोनदा चुना मारला. तरी भिंतीतून काळं झिरपायचंच. मी काही त्याला हरकत घेतली नाही. रेल्वेचा एक जुना लाकडी पेटारा टेबल म्हणून ठेवला, दोन दोऱ्या बांधल्या, आणि ती खोली माझी झाली. बायकांना स्वयंपाकघर असतं, पण ते काही त्यांचं नसतं, सगळ्यांच्या पोटाचं असतं. ही खोली कोणाच्याही पोटाची नव्हती.

तिथे मी काय करायचे ते कोणाला सांगता यायचं नाही. वाकळ शिवत होते म्हणावं, तर वाकळ कधी पुरी व्हायची नाही. सिमेंटच्या तागाच्या पोत्यातून एक एक दोरा ओढून काढायचा आणि पोत्याला जाळी पाडायची. लुगड्याचा काठ उसवून तो दुसऱ्याच कापडावर वाकडातिकडा पळवायचा. पळसाची फुलं उकळून त्यात धोतराचा तुकडा बुडवायचा, रंग नाही आवडला तर पुन्हा बुडवायचा. एका तुकड्यावर महिना जायचा. घाई नव्हती, कारण कोणी वाट बघत नव्हतं. मामाजी दारात उभे राहून विचारायचे.

"याले पांघरता येते का?"

"नाई."

"लटकवता येते?"

"येते."

"मंग लटकव."

एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. मागच्या लायनीतल्या बाईचं व्हायचं नाही. तिचं अंगण आमच्या अंगणाला लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. शेतकरी घरची, मनानं चांगली बाई. भिंतीवर कोपर टेकून ती माझ्या दोरीकडे बघायची आणि म्हणायची, "एवढ्या मेहनतीत तं चार वाकया झाल्या असत्या वं." मी हसायचे. मला त्या काळी कोणाचं काही लागायचं नाही.

आता मामाजींबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पन साली त्यांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देव, अंगारे, नवस, मुहूर्त, सगळं त्या दिवशी सोडलं, असं ते सांगायचे, आणि त्यांनी ते खरंच सोडलं होतं. मांजर आडवं गेलं की मुद्दाम तिच्या मागून जाणारा माणूस. पण या सगळ्यात त्यांचा राग होता तो ग्रहणावर. लहानपणी ग्रहण सुटलं की ते आईचा पदर धरून गावात दारोदार जायचे. आई ओरडायची, "दे दान, सुटे गिरान." लोक दाराच्या आतून, अंगाला अंग लागू नये म्हणून लांबून, शिळं अन्न आणि जुने कपडे फेकायचे. ग्रहणाची पीडा त्या कपड्यांबरोबर आपल्या घरातून जावी म्हणून. ती पीडा मग यांच्या घरी यायची आणि आई तिची वाकळ शिवायची. "त्या वाकयीतच झोपलो मी लहानाचा मोठा," मामाजी सांगायचे. "लोकाइच्या भेवाची वाकय." आणि मग थुंकायचे.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्याला मोठं ग्रहण लागलं. दुपारचं. आठवडाभर आधीपासून सगळीकडे तीच चर्चा. बाहेर पडलं तर डोळे जातात, पाणी पिलं तर विष होतं. शाळांना सुट्टी. मला तेव्हा दिवस गेले होते. पाळी चुकून दोन महिने झालेले, म्हणजे बाहेर सांगण्याजोगं अजून काही नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं आणि मामाजींना.

ग्रहणाच्या सकाळी मामाजींनी अंगणात शेगडी पेटवली. म्हणाले, दुपारी इथंच, सगळ्यांसमोर जेवणार. नवरा खाणीत होता. मी भांडी आवरत होते. मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुई मर्जी. पन आपल्या घरी कोनी कवाडं लावून बसत नाई."

मला कोणी 'तुझी मर्जी' म्हटलं की मी नेमकं समोरच्याला हवं तेच करते आणि वर स्वतःचीच मर्जी होती म्हणून मिरवते. हा माझा जुना रोग. मी कोठीचं दार सताड उघडं टाकलं आणि आत जाऊन बसले. पेटाऱ्यावर मामाजींचं एक जुनं धोतर पसरलं, काहीतरी करावं म्हणून.

दुपार झाली. आधी काही कळलं नाही. मग ऊन पातळ झालं. पिवळं नाही, राखाडी नाही, कशासारखंच नाही असं ऊन. कॉलनीत एकही पोर दिसेना. दारं बंद, पण फटी उघड्या. सगळ्या फटींतून आमच्या अंगणाकडे डोळे लागलेले आहेत हे मला न बघता कळत होतं. मामाजी शेगडीजवळ पाटावर बसून वरण-भात खात होते. मोठ्यानं भुरके मारत.

आणि मग मी धोतराकडे पाहिलं. कोठीच्या छपराला जुन्या खिळ्यांची भोकं होती. रोज त्यातून गोल गोल कवडसे पडायचे, मी ते कापडावर पकडायचा खेळ खेळायचे. त्या दुपारी ते गोल नव्हते. सगळे कवडसे चंद्रकोरी झाले होते. पांढऱ्या धोतरावर विखुरलेल्या लहान लहान कोरी, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. मी कात्री घेतली.

शिंप्याकडची जुनी, जड कात्री होती ती. कवडसा जिथे पडला होता तिथेच, त्याच्या कडेकडेने, मी कापड कातरत गेले. कोर हलायची, मी तिच्या मागे कात्री वळवायचे. एक झाली, दुसरी झाली. मी हसत होते. मामाजींचे भुरके थांबले होते, पण ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी मान वर केली तेव्हा ते हातात घास धरून माझ्याकडे बघत होते. मी कापड उचलून त्यांना दाखवलं. कोरींच्या भोकांतून त्यांचा चेहरा दिसला.

"मस्त," ते म्हणाले, आणि घास तोंडात घातला.

ग्रहण सुटलं. दारं उघडली. लोकांनी घरं धुतली, आंघोळी केल्या. आमच्या घरात फक्त ताट धुतलं गेलं. मला वाटलं, आपण आज काहीतरी जिंकलो.

पोट दिसायला लागलं तेव्हा उन्हाळा लागला होता. मागच्या लायनीतली बाई एका सकाळी भिंतीशी आली. आधी कौतुक केलं, काय खावंसं वाटते म्हणून विचारलं. मग तिची बोटं भिंतीवर हळूहळू हलायला लागली. ती महिने मोजत होती.

"काऊन वं," ती म्हणाली, "तवा होती का तू? गिरानाच्या वक्ती?"

मी दोरीवरचं लुगडं काढून घडी घालायला लागले.

"कातरून राह्यली होती तू तवा. म्या पाह्यलं फटीतून." तिनं पदर तोंडाला लावला. "जाऊ दे माय. होते बरं सारं."

होते बरं सारं, असं माणूस कधी म्हणतं? जेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं तेव्हा. मी कोठीत गेले, ते धोतर पेटाऱ्यातून काढलं आणि पहिल्यांदा त्या कोरींकडे नीट पाहिलं. मधून फाकलेल्या, वर वळलेल्या. ओठांसारख्या. मी धोतराची घडी घालून ते पेटाऱ्याच्या तळाशी दाबलं.

माझ्या माहेरच्या शाळेत एक मुलगा होता. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. बोलायचा ते फक्त त्याच्या आईला कळायचं. पाणी पिताना तो तोंडावर हात धरायचा, तरी पाणी बाजूनं ओघळायचं. सगळा गाव सांगायचा की त्याच्या आईनं पोटुशी असताना ग्रहणात सुपारी कातरली होती. त्या मुलाला पोरं चिडवायची, त्यात मीही असेन. पण मला आता तो आठवत नव्हता. त्याची आई आठवत होती. ती विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी यायची आणि भरलेली घागर घेऊन खाली बघत जायची. लेकाच्या तोंडाचा जाब ती जन्मभर देत होती. सुपारी तरी तिनं कातरली होती की नाही, देव जाणे.

मला माहीत होतं की हे सगळं खोटं आहे. मी मॅट्रिक झालेली बाई. पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत येतात, त्याचा माझ्या कात्रीशी काय संबंध? दिवसभर मी स्वतःला हेच सांगायचे. आणि पोटात बाळ हललं की सांगितलेलं सगळं वाहून जायचं. ते हलतंय, पण त्याचं तोंड कसं आहे? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या मागे नव्हता तो. माझ्या पोटात होता, आणि मीच त्याला खाऊपिऊ घालत होते.

कोणाला सांगायचं? नवऱ्याला सांगून पाहिलं. तो हसला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि कूस बदलून घोरायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आडून विचारलं, "ओठ फाटलेली लेकरं कशानं होतात हो?" त्यांच्यापुढे बायकांची रांग होती. म्हणाल्या, "पुष्कळ कारणं असतात. रक्तवाढीच्या गोळ्या घेता ना?" घेते म्हटलं. पुष्कळ कारणं. म्हणजे त्यात माझंही एक असू शकेल, असंच मी घरी घेऊन आले.

आणि मामाजींना सांगणं तर शक्यच नव्हतं. त्या माणसानं ज्या भीतीवर थुंकायला सारं आयुष्य घालवलं, तीच भीती मी त्यांच्या घरात, त्यांनी चुना मारून दिलेल्या खोलीत पाळून बसले होते. मी भ्याले असं म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा त्या दारांसमोर नेऊन उभं करणं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण मी गेले नाही. दीक्षा माहेरीही घेतलेली होती, तरी आई ग्रहणात अंग न हलवता बसायची हे मला ठाऊक होतं. तिनं एकदा माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं असतं तर माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं. मी निरोप धाडला की इकडे मोठा दवाखाना जवळ आहे.

कोठीत मात्र मी रोज जात होते. गेले नसते तर मामाजींना संशय आला असता. पण कात्रीला माझा हात लागेना. सुई धरली तरी टोचतेय कोणाला असं वाटायचं. मग मी कापड हातानं फाडायला लागले. पहिल्यांदा चर्र आवाज झाला आणि मी फाडलेले दोन्ही तुकडे पुन्हा जवळ धरून बसले, जसे काही ते आपोआप जुळणार होते. फाडणंही बंद झालं. उरलं काय? पोत्यातले दोरे ओढायचे आणि गाठी मारायच्या. कापायचं नाही, टोचायचं नाही, फाडायचं नाही. गाठ मारायची, दोरा संपला की दुसरा जोडायचा. उन्हाळाभर मी तेच केलं. तागाची एक लांबच लांब, जाड, वेडीवाकडी वेल तयार झाली आणि दोरीवरून खाली जमिनीवर लोळायला लागली. पुढे माझी कापडं प्रदर्शनात लागली, तेव्हा लोकांना तेच सगळ्यात आवडलं. हे कसं सुचलं म्हणून विचारतात. मी म्हणते, सुचलं असंच. भीतीनं सुचलं म्हटलं तर कोणाला पटणार आहे?

आधी जो खेळ होता तो आता खेळ राहिला नव्हता. हात चालू असायचे, पण जीव तिथे नसायचा. छपराच्या भोकांतून कवडसे पडायचे, नेहमीसारखे गोल, निरागस, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे.

त्या दिवसांत मामाजीही बदलले. मला वाटलं ते माझ्यावर नाराज आहेत. कोठीच्या दारात येऊन 'याले पांघरता येते का' विचारणं त्यांनी सोडलं. एकदाच आले, आणि विचारलं, "ते कोरी कातरलेलं धोतर कुठी हाये?"

"पेटाऱ्यात ठेवलं."

"असू दे," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, त्यांना कोणीतरी माझ्या भित्रेपणाबद्दल सांगितलं असावं. मग त्यांनी माझ्या पुढ्यातली पावशी, म्हणजे विळी, काढून घेतली. रोजची भाजी ते चिरायला लागले. "बसून बसून हात आखडून राह्यले," एवढंच सांगितलं. लिंबू कापायचं असो की सुतळी, ते मध्येच येऊन हातातून घ्यायचे. पेन्शनच्या कामाला म्हणून एकदा नागपूरला जाऊन आले, आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. मागच्या लायनीतली बाई भिंतीवरून कधी भाकर-चटणी, कधी आंबील द्यायला लागली. माझ्या डोळ्यांत बघायची नाही. तिची दया मला शिवीपेक्षा जास्त लागायची. ताटली घेताना एकदा मी तिच्यावर खेकसले, "मरून नाई राह्यली मी!" ती बिचारी तशीच उभी राहिली.

भादव्यात मला चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. कळा सुरू होत्या, त्यांचं मला काही वाटत नव्हतं. सगळ्या बायका ओरडत होत्या, मीही ओरडत असेन. पण आतून मी एकच विनवणी करत होते, आणि ती कोणाला करत होते ते आजही सांगता येत नाही. आमच्या घरात तर कोणी नव्हतंच विनवणी करायला. बाळ यावं असं मला वाटत नव्हतं. ते आतच राहिलं तर त्याचं तोंड कोणाला दिसणार नव्हतं. इतकी मी खाली गेले होते.

दुपारी बाळ झालं. ते रडलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"मुलगी आहे बघा, बाई," नर्स म्हणाली.

"तोंड दाखवा."

"गोरी आहे हो, काळजी नका करू."

मी डोळे उघडले. लाल, सुजलेलं, रागावलेलं तोंड. वरचा ओठ होता. अख्खा होता. मी बोट लांबवून त्याला लावलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं. कुठेही अडकलं नाही. मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. नर्स चिडली. "मुलगी झाली म्हणून रडता? शिकलेल्या दिसता चांगल्या!" मी तिला काही सांगितलं नाही. तिला जे वाटायचं ते वाटू दिलं.

संध्याकाळी नवरा येऊन, पोरीला बघून, पेढे आणायला गेला. मामाजी आत आले नव्हते. ते बाहेर व्हरांड्यात, पावसाकडे तोंड करून उभे आहेत असं तो सांगून गेला. मला राग आला. नात झाली म्हणून हा माणूस तोंड फिरवून उभा राहतो? एवढ्या मोठ्या मोठ्या गोष्टी सांगणारा? मी पोरीला उचललं, भिंत धरत धरत दारापर्यंत गेले.

"मामाजी, पोरगी झाली."

"आयकलं," ते मागे न वळता म्हणाले. छत्री त्यांच्या हातात मिटलेली होती आणि ते भिजलेले होते. "तोंड कसं हाये तिचं?"

दुपारपासून सगळ्यांनी मुलगा की मुलगी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"चांगलं हाये. ओठ साबूत हाये."

"वरचा?"

"वरचा बी."

ते तिथल्या बाकड्यावर बसले. त्यांनी ओल्या तोंडावरून हात फिरवला.

"नागपूरले पिन्शनसाठी नोतो गेलो मी," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात गेलतो. इचारलं डॉक्टरले. फाटला असन तं शिवता येते म्हने. लहानपनीच शिवते, मंग दिसत बी नाई. कधी कधी आतली टायू बी फाटली राह्यते, ते बी शिवते. म्या सारं इचारून ठेवलं होतं."

मला आधी कळेना की ते काय बोलतायत. आणि मग एकदम सगळं कळलं, आणि माझा असा संताप झाला की मी ओली बाळंतीण आहे हे विसरले.

"आन् मले नाई सांगतलं? एवढे महिने?"

"कसं सांगू? सांगतलं असतं तं तुले समजलं असतं, मी भेऊन राह्यलो म्हून."

"मी बी तं भेऊन राह्यली होती! तुमच्या भेवानं बोलली नाई मी!"

"आन् मी तुया भेवानं," मामाजी म्हणाले.

व्हरांड्यातून जाणारी एक म्हातारी थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

"तू कात्री घेतली ना," ते हळू आवाजात सांगायला लागले, "तवाच म्हननार होतो, राहू दे बाई, नोको कातरू. घास तोंडापाशी होता. पन साऱ्याइचे डोये आपल्या आंगनात. आन् म्या बोललो असतो तं मले मायचा आवाज आयकू आला असता. दे दान, म्हनून. तुया पोटापेक्षा मले ते मोठं वाटलं त्या वक्ती." त्यांनी छत्री बाकड्याला टेकवली. "छप्पन साली सारं सोडलं म्हनत होतो मी. हे कुठी लपून बसलं होतं, माहीत नाई."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या माणसाला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी पोरीला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात धोतराला पुसून ती घेतली, अगदी अलगद, जरा कलली तर सांडेल अशा बेतानं.

"हिले नाई द्याचं हे," ते म्हणाले. "हे भेव आपल्यापाशीच संपवाचं. काय?"

"हो," मी म्हणाले.

खरंच संपवायचं होतं, त्यांनाही आणि मलाही. तेवढ्यात पोरीनं तोंड वाकडं केलं आणि मोठी जांभई दिली, आणि आम्ही दोघंही एकदमच तिच्यावर वाकलो, आत टाळू फाटलेली नाही ना ते पाहायला.